दुसरा थर्मामीटर

५ जुलै ६४, रवि.
दमट हवेनं सहा रेडिओ दुरुस्तीला आले. नानांचा सेट लागला तसा बातम्यांवर ठेवला. नाना म्हणजे आमच्या मोहल्ला दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष. अमेरिकेत काळ्या लोकांसाठी कायदा झाला. वेगळी बाकं, वेगळे नळ बंद. चहा पिणारे सगळे हळहळले. "काय लोक आहेत गा!" नाना म्हणाले. मीही मान हलवली. मिलमधला जुना सोबती हरिदास दाराशी उभा होता. म्हणतो, "नळाचं जाऊ द्या. आपल्या दवाखान्यात थर्मामीटर किती हायेत, थे सांगा."
मी गाणी लावली.

८ जुलै
ह. चं बोलणं डोक्यातून जात नाही. मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यात ह. च्या वस्तीतल्या लोकांवरून भांडण झालं होतं, "त्या लाइनीतल्यांच्या तोंडातली नळी आमच्या लेकरांच्या तोंडात?" कमिटीत हुशार मीच. बर्डीच्या बाजारातून दुसरा थर्मामीटर आणला, त्यांच्यासाठी वेगळा, रांगही वेगळी. भांडण मिटलं, नानांनी पाठ थोपटली. कोणी आणला ते ह. ला माहीत नाही.
मिलमध्ये धोट्यातून धागा ओठानं ओढावा लागे, अस्पृश्यांचं उष्टं नको म्हणून ह. च्या लोकांना मागावर घेत नसत. मी मागावर कमावलं, दुकान टाकलं. तो आहे तिथंच. तेव्हा वाईट वाटायचं मला. खरंच वाटायचं.

१३ जुलै
ह. ची बायको पार्वता तापानं फणफणलेली. दवाखान्यातून परत जाताना दुकानाशी टेकली.
"काय म्हणाला कंपाउंडर?"
"ताप जास्त नाही म्हणे. गोळ्या देल्या."
तिचे डोळे मी पाहिले होते. तरी म्हटलं, तो म्हणतो तर नसेल.

१६ जुलै
पार्वता गेली. सकाळीच. पोरगी मैना चार वर्षांची.

१७ जुलै
घाटावर राख सावडून आलो तो सरळ दवाखान्यात. वामनराव कंपाउंडर पुड्या बांधत होता.
"पार्वताले ताप किती होता?"
"पाह्यला नाही जी."
"काहून?"
"त्यायचा थर्मामीटर फुटला ना. महिना झाला. तुमालेच सांगतलं होतं रस्त्यात. तुमी म्हटलं, आणतो."
आठवलं. म्हटलं होतं.
"आपला तर टेबलावर होता."
"थो कसा लावू? तुमीच तं ठरवलं."
तिच्या कपाळाला हातही लावला नव्हता त्यानं. १०३ च्या वर ताप असला की चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हे त्याच्याच डोक्यामागं भिंतीवर लिहिलेलं.
जेवलो नाही. बायको विचारते, काय झालं जी? काय सांगू...

२६ जुलै, रवि.
कमिटी. मी उभा राहिलो. रांग एक, थर्मामीटर एक, प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसायचा. म्हटलं, अमेरिकेसाठी हळहळलो ना आपण? नाना म्हणाले, "शामराव, रेडिओ ऐकून दवाखाना चालवता काय बे?" हशा. मग सांगून टाकलं, "दुसरा मी आणला होता. बाई माझ्या हुशारीनं गेली." हशा थांबला. चार विरुद्ध तीन, ठराव पास. नाना चप्पल घालून उठून गेले.
जिंकलो म्हणतात. ह. ला सांगायचं राहिलंच आहे.

२ ऑगस्ट, रवि.
दुपारी गेलो. ह. ओट्यावर, मैना मांडीवर, तिचं अंग गरम. सगळं सांगितलं. मागचं, पुढचं, रस्त्यात "आणतो" म्हटलं तेही.
"तू आणला होता?"
"हो."
शिवी देईल वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. उठला, मैनेला लुगड्यात गुंडाळलं. पार्वताचंच असेल. म्हटलं, "दवाखान्यात चल. आता एकच रांग आहे. मी येतो संगं."
"असंल गा."
सायकल काढली. पोरीला पुढं बसवलं. "घट्ट धर वं, माय." मोठा दवाखाना चार मैल. आभाळ भरलेलं.
आमच्या दवाखान्यासमोरूनच गेला. दार उघडं होतं, वामनराव पायरीवर उभा राहून हाक मारत होता. थांबला नाही.
पाच वाजले. दुकान उघडं ठेवलं आहे, रस्ता इथूनच जातो. अजून आले नाहीत.