आबांचा कलमाचा चाकू

प्रिय सुंदरा,

पत्र बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. सहा वर्षं तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. त्यात कुणाचं काय भलं झालं ते तूच सांग. फोन केला असता तर आवाज ओळखून तू ठेवून दिला असतास. पत्र निदान फाडायच्या आधी वाचावं लागतं. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे.

विक्रमच्या हिंजवडीच्या घरी येऊन मला सव्वा वर्ष झालं. चौदावा मजला. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. नळाला गरम पाणी येतं, आणि सून नीरजा उलटून बोलत नाही, कारण ती घरात नसतेच. गेल्या श्रावणात मी कोथिंबीर आणायला उतरले. परत येताना बघते तर सगळ्या इमारती सारख्याच. दोन तास फिरले. त्या दिवसापासून दाराला आकड्यांचं कुलूप बसलं आणि आकडे मला सांगायचे नाहीत असं ठरलं. काळजीपोटी म्हणे. नात पूर्वा हिने ते माझ्या कानात सांगितले, पोरगी माझ्यावर गेलीय. पण दार उघडून जाऊ कुठे? फाटकावरचा माणूस अदबीने खुर्ची देतो, पाणी देतो आणि विक्रमला फोन लावतो. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी आपणहूनच वर आले.

आता आबांच्या कलमाच्या चाकूचं. आबांच्या तेराव्याला तू तो माझ्या हातातून ओढलास, मी परत ओढला. आई असती तर म्हणाली असती, चाकू हातात देऊ नये, भांडण लागतं. खाली ठेवा, मग उचला. थोरली म्हणून मी तो आणला आणि पिशवीत गंजवला. तुझ्याकडे असता तर गंजला नसता. हे एकदाच लिहिते, पुन्हा तोंडाने म्हणणार नाही.

दिवाळीत विक्रमला तो सापडला. त्याने ठरवलं, दुकानात देऊन मशीनवर चकचकीत करायचा, मूठ नवी शिसवी बसवायची आणि काचेच्या चौकटीत घालून हॉलमध्ये लावायचा, वर दिवा सोडून. पाहुण्यांना सांगायला, हा आमच्या आजोबांचा. मी म्हटलं, मूठ नवी, पातं घासून नवं, मग आजोबा कुठे राहिले रे? तो हसला. मी चाकू तांदळाच्या डब्यात लपवला.

सगळे कामावर गेले की काढायचे. लिंबाच्या फोडीने गंज घासला, बिजागरीत खोबरेल सोडलं, चार दिवस जिरू दिलं, तेव्हा कुठे उघडला. या घरात दगड नाही. मग विक्रमचा कॉफीचा कप उपडा केला. बुडाच्या कडेला चिनी माती खरबरीत असते, तिच्यावर धार लावली. मुठीला चीर गेल्यावर आबांनी गुंडाळलेली तांब्याची तार होती, तिला हात लावला नाही. त्यांच्या अंगठ्याने मुठीत पडलेला खळगाही तसाच ठेवला. माझा अंगठा त्यात बसतो. तुझाही बसेल, आपली बोटं सारखीच जाडी.

नुसती धार बघून काय करायचं? नीरजाच्या गॅलरीतल्या गुलाबाला डोळा भरला. सालीला चीर, आत दुसऱ्या गुलाबाच्या फांदीवरून काढलेला कोंबाचा डोळा, वर पट्टी. काप सरळ गेला. आज बाविसावा दिवस. डोळा हिरवा आहे, फुगलाय, म्हणजे कलम धरलं.

आता मुद्द्याचं. थंडी सरायच्या आत तुझ्या लोणीच्या रोपवाटिकेत डोळे भरायचे असतील आणि कामाला माणसं मिळत नसतील. रविवारी ये. विक्रम घरी असतो. अक्काची आठवण येते असलं काही बोलू नकोस, तो तुझ्यासाठी गाडी मागवेल आणि दर महिन्याला भेटायला ये म्हणेल. सरळ सांग, मला कामाला हात हवा आहे, हिला घेऊन जाते. माझं तो ऐकत नाही, मावशीपुढे त्याची जीभ वळत नाही. चाकू मी तुझ्या हातात देणार नाही. लोणीला पोचलो की तुझ्या पायरीवर ठेवीन, तू उचल. तुझाच. मला भाकरी आणि उघडं दार दे. येणार नसशील तर उत्तर पाठवू नकोस, मी रविवारी संध्याकाळपर्यंत पिशवी भरून बसेन.

तुझीच, तोंडाळ का असेना,
अक्का