रानमुळ्याची शेंग

प्रिय आयलीन,

तुझं पाकीट हातात पडलं आणि जिवाला बरं वाटलं. मी मजेत आहे. रोज मटण असतं, काळजी करू नकोस. ओळी वाकड्या दिसल्या तर हसू नकोस, इथलं टेबल डुगडुगतं.

इथे मेरेडिन गावाजवळच्या शेतावर मला बियाण्याच्या गव्हातून रानमुळा उपटायचं काम मिळालंय. त्याच्या जोडीला रानमोहरीही माजलीय, दोन्हींची फुलं पिवळीच. मोहरीचं बी बारीक, ते चाळणीतून पडून जातं. मुळ्याच्या शेंगेचे तुकडे मात्र गव्हाच्या दाण्याएवढे, ते बियाण्यातच राहतात. म्हणून मुळा आधी काढायचा. बाकीचे गडी पाकळ्यांवरच्या शिरा बघून ओळखतात. मी त्या भानगडीत पडत नाही. गुडघ्यांवर बसतो आणि शेंग चाचपतो. मुळ्याची मण्यांच्या माळेसारखी लागते, मोहरीची सरळ. अजून एकदाही चुकलो नाही.

आमचा मुकादम मर्व परवा ओरडला, "अरे क्लेम, तण काढतोयस की बायकोची वेणी घालतोयस?" सगळे हसले. मीही हसलो.

डॉक्टरचं विचारलंस. जाईन गं. तुझा खोकला कसा आहे? पाण्याची टाकी अजून गळते का?

पोरीचा पहिला फोटो मिळाला. फोटोच्या पाठीवर तू लिहिलेलं मर्वने वाचून दाखवलं, "सांग बघू, नाक कुणाचं?" त्याला म्हटलं, चष्मा विसरलोय. मग फोटो घेऊन शेडमागे गेलो. कितीतरी वेळ त्याच्यावरून बोटं फिरवली, आयलीन. सगळीकडे गुळगुळीतच लागतं.

तुझाच,
क्लेम