सिंधुच्या वतीने

१४ जून
सिंधुला नांदेडला दाखवून आणलं. थायरॉईड निघाला. डॉक्टर प्रश्न तिला विचारत होते, उत्तरं मीच दिली. बायको मोठ्या माणसापुढं गडबडते. आपल्याला ऑफिसात साहेबांची सवय. गोळीचं सांगायला लागले तर म्हणालो, कळलं सर. चिठ्ठीवर लिहिलेलंच होतं, उपाशीपोटी. बसस्टँडवर तिला समजावलं, ही गोळी उपाशी घ्यायची. ती ‘हाव’ म्हणाली. कम्युनिकेशन असं पाहिजे. थोडक्यात.

२० जुलै
सिंधु अजून दमते. भाकरी थापता थापता बसते. विल पॉवर नाही. उद्यापासून तिला पहाटे वॉकला नेणार.

२१ जुलै
वॉक रद्द. मला सर्दी.

१९ ऑगस्ट
रिपोर्ट आणखी बिघडला. गोळी चुकत तर नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. छातीठोक सांगितलं, आमच्या घरात शिस्त आहे. सिंधु काही बोलणार होती, पण सरांचा वेळ महत्त्वाचा. डोस वाढवून दिला. जुनी बाटली घरी जवळजवळ भरलेली आहे. बाई जपून वापरते, तेवढा गुण आहे.

२७ सप्टेंबर
नवरात्र. सिंधुचे उपास कडक. छातीत धडधड, हात थरथरतात. माझं निदान : अशक्तपणा. शाबू वाढव म्हणालो. लातूरहून वर्षाराणीचा फोन, बाबा डॉक्टरला विचारा. पोरीला समजावलं, बारीकसारीक गोष्टींसाठी डॉक्टरला त्रास द्यायचा नसतो.

२९ सप्टेंबर
सकाळी सिंधु चक्कर येऊन न्हाणीपाशी पडली. गाडी करून नांदेड गाठलं. पोचल्या पोचल्या मी हिस्ट्री सांगायला लागलो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही थांबा. मग तिला विचारलं, गोळी कशी घेता?
ती म्हणाली, “उपासालाच घेते की. सोमवारी, चतुर्थीला. आता नवरात्र हाय तर रोज. बाकीच्या दिवशी मी कुठं उपाशी असते?”
डॉक्टर म्हणाले, रोज घेता असं समजून डोस वाढवला होता, तो आता रोज घेतल्यावर जास्त झाला. मग विचारलं, असं घ्यायला कोणी सांगितलं? तिनं माझं नाव घेतलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
(माझ्या वाक्यात तशी चूक नव्हती.)
(होती.)

६ ऑक्टोबर
फेरतपासणी. धडधड थांबली. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बसलो. आतून सिंधुचा आवाज येत होता. एकामागून एक विचारतच होती. तिला एवढे प्रश्न पडतात, हे मला माहीत नव्हतं.
बाहेर आल्यावर विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?
म्हणाली, “तुम्हाला न्हाई सांगत. तुम्ही मलाच परत समजावून सांगताल.”