खुराड्याला ठोकलेली अक्षरं

अहो विजूचे बाबा,

जाताना चष्मा इथेच विसरलात! सहा वर्षं झाली, खिडकीत तसाच पडून आहे. एकदा तरी आठवण झाली का हो? आता हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार. घ्या. मी जन्मभर तेच केलं, तुम्हीही बघा कसं वाटतं ते.

लिहिते आहे मुक्ता, आपल्या विजूची. तुमच्या रंगाच्या डब्यात बोटं बुडवून भिंतीला पुसायची, तीच. आता ती भोपाळला असते. तिथल्या विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकवते. म्हणजे काय, ते तिने मला चारदा सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की अक्षर कुठे जाड करायचं, कुठे मोकळं सोडायचं आणि बघणाऱ्याचा डोळा आधी कुठे गेला पाहिजे. मी म्हटलं, "अगो, हे तर तुझे आजोबा आंब्याच्या पेट्यांवर करायचे. त्यांना कोणी सर म्हटलं नाही!"

वर्गातल्या पोरांना ती हाताने पत्र लिहायला लावणार आहे, गेलेल्या माणसाला. त्यांना दाखवायला एक नमुना हवा म्हणते. "आजी, तू सांग, मी लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही." उद्या सकाळी तिची गाडी आहे, म्हणून आजच बसलो. पण मी हो म्हटलं ते वेगळ्या कारणासाठी. तिच्या तोंडावर जे बोलायला मला धीर होत नाही, ते तुम्हाला सांगते. तिने आपलं लिहीत राहावं.

तुमचे ते पत्र्याचे छाप आठवतात? रॉकेलचे डबे कापून पत्रे सपाट करायचात आणि छिन्नीने एकेक अक्षर कोरून काढायचात. पेटीवर पत्रा धरला, वरून ब्रश फिरवला की बागायतदाराचं नाव उमटलं! मग छापलेली पुठ्ठ्याची खोकी आली, आणि पत्रे माळ्यावर गेले.

तुम्ही गेलात त्या पावसाळ्यात मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. खुराड्याला पत्रा हवा होता. माळ्यावर होते, तेही आयती भोकं पाडलेले. मला वाटलं, वा! मुंगूस आत यायचं नाही आणि कोंबड्यांना वारा मिळेल. ठोकले. गंजू नयेत म्हणून वर होडीला लावतात ते डांबर फासलं. शेजारीण म्हणाली, "काकू, डोकं आहे हो तुम्हाला!" मी खूश.

दिवाळीत मुक्ताने फोनवर विचारलं, "आजोबांचे छाप कुठे आहेत गो? मी वर्गात सांगून बसलेय, आणून दाखवते म्हणून." मी परसात गेले आणि खुराड्यासमोर उभी राहिले. काय करून बसले ते तेव्हा कळलं. सगळे पत्रे माझ्या डोळ्यांसमोर घडले होते, आणि मला त्यांत भोकंच दिसली! फोनवर म्हटलं, "भंगारवाल्याने नेले."

"कुठल्या?"

"पालीच्या." पालीच्याच का? तोंडात आलं म्हणून!

मला वाटलं, विषय संपला. पण ती तुमची नात. या सुट्टीत आली ती दुसऱ्याच दिवशी एसटीने पालीला गेली. भर वैशाखात, दोन दिवस, एकेक भंगाराचा ढीग उपसत. परत आली तेव्हा तोंड भाजलेलं, बोट पत्र्याने कापलेलं. मी सोलकढी पुढे केली. म्हणाली, "नाही मिळाले गो. वितळवले असतील. तू वाईट वाटून घेऊ नकोस." माझीच समजूत घालत होती! परसात कोंबड्या ओरडत होत्या, आणि मी तिचा पेला पुन्हा भरला.

लाज वाटते हो. अडाणीपणाची लाज मला जुनी, अंगवळणी पडलेली. ही वेगळी आहे. ही मीच खोटं बोलून ओढवून घेतलेली.

तुम्हीही काही कमी नाही. अख्ख्या तालुक्याच्या पेट्यांवर अक्षरं काढलीत, बायकोला एक शिकवलं नाहीत! बरं, खोटं नको. विजू पाळण्यात होता तेव्हा पाटी घेऊन बसला होतात. मीच "दूध उतू जातंय" म्हणून उठले. चूल तर पेटवलीही नव्हती. तुम्हाला ते ठाऊक होतं. मग हात धरून का नाही बसवलंत?

इथे मध्ये खंड पडला. मुक्ता पेन ठेवून परसात गेली. आली तेव्हा हात डांबराने काळे.

"सगळे उलटे ठोकलेयस."

"कोंबड्यांनी कुठे तक्रार केली?" मी म्हटलं. वाटलं हसेल. नाही हसली.

"आजी, मी दोन दिवस उन्हात फिरले. तू समोर बसून मला सोलकढी पाजलीस."

"होय गो."

"खरं सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"हसली असतीस. विद्यापीठात शिकवणारी तू, आणि तुझ्या आजीला अक्षर कुठलं नि भोक कुठलं तेही कळत नाही."

"मी तुला कधी हसलेय?"

आठवून बघितलं. एकदाही नाही. तुम्हीही नाही. मला हसत आले ती मीच. सगळ्यांच्या आधी हसायचे, म्हणजे दुसऱ्या कोणाला हसायला जागा उरू नये.

मग ती बसली. "सांग पुढे," एवढंच म्हणाली. राग गेलेला नाही, आवाजावरून कळतं. तो मी काढायला सांगणारही नाही.

उद्या सकाळी खिळे उपटायचे आहेत. डांबर घासू नको म्हणते, आहेत तसेच नेणार. पोरं विचारतील, हे काळं काय? तुम्हाला वचन देते, त्याचं उत्तर मुक्ताला द्यावं लागणार नाही. वर्ग भरला की तिने तोंड दिसतं तो फोन लावायचा. कोणी ठोकले, का ठोकले, ते मी सांगेन. पालीचंही सांगेन. पालीचं आधी सांगेन.

सहीच्या जागी अंगठा लावते.

तुमचीच,
विजूची आई

ता. क. हे सूनबाईसाठी. मुक्ताच्या पिशवीत कुळथाचं पीठ आणि आमसुलं घाल. सुकट दिलीस तर दोन पिशव्यांत गुंडाळून दे, घरमालकिणीला वास आला तर पोरगी रस्त्यावर येईल. आणि वर्गातल्या पोरांसाठी फणसपोळी पाठव, चांगली जाड, चिवट बघून. मी बोलेन तेव्हा सगळ्यांची तोंडं भरलेली असू देत.