बचाव पथक

३ मार्च
सोल गाठलं एकदाचं! वांदो बेटावरून निघताना आईचे डोळे भरून आले, माझे मात्र कोरडे; आनंदच तेवढा होता. उद्यापासून दातांच्या दवाखान्यात नोकरी. भाड्याने ठरवलेला फ्लॅट महिनाअखेरीस रिकामा होईल, तोवर सिल्लिममधल्या या लॉजिंगात काडेपेटीएवढी खोली. फ्लॅटमालकाला द्यायची एकरकमी ठेव बँकेत तयार आहे. ती दिली की दोन वर्षं भाड्याची कटकट नाही. तिच्यासाठी आईने समुद्रशेवाळ वाळवायची शेड विकली. इथे भात आणि किमची फुकट. लॉजच्या मावशींनी गरमगरम वाढलं, शेजारच्या प्यो दादांनी बॅग वर आणून दिली. समोरच्या कुक बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी तर माझं अंथरूणही घातलं. किती चांगली माणसं आहेत.

६ मार्च
जरा जास्तच चांगली आहेत. नोकरी कसली, हे कुणी विचारलं नाही. ठेव कधी भरायची, हे मात्र तिघांनीही विचारलं. दारातल्या कपाटात त्यांच्या बुटांवर धुळीचा थर आहे. ही माणसं बाहेर पडतात तरी कधी?

जेवताना प्यो दादांनी फोनवर ‘चांदणी’ नावाचं आभासी नाणं दाखवलं. परदेशात ते स्वस्त मिळतं, आपल्याकडे महाग, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान! मी म्हटलं, मग महाग घ्यायचंच कशाला? सगळे हसले, पण नजर माझ्या फोनवरून हलली नाही.

११ मार्च
चांदणी रोज चढतेय. दवाखान्यात डॉक्टरांपासून सफाईवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तीच. आणि माझी ठेव नुसती पडून. किल्ली मिळेपर्यंतच घालायची, मग काढून घ्यायची. आईला कशाला सांगायचं उगाच?

जेवणाच्या टेबलाशी बसूनच सगळी रक्कम घातली. तोवर कुणी घास उचलला नाही. मग कुक बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, “आलीस गं बाई एकदाची. किती वाट पाहायला लावलीस.” चढ्या भावाला घेऊन अडकलेले लोक नव्या गिऱ्हाइकाला बचाव पथक म्हणतात, असं दादांनी हसत समजावलं. मला काही हसू आलं नाही.

१२ मार्च
भाव निम्म्यावर. प्यो दादांची खोली रिकामी. माझा निरोपही न घेता गेले. मावशी म्हणाल्या, सुटला बिचारा. कुणाच्या पैशांवर सुटला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

१७ मार्च
चांदणी विकायला काढली तर घ्यायला कुणी नाही. कुक बाई म्हणतात, धीर धर, भाव परत येतो. त्यांची पापणी लवत नाही. मी बराच वेळ पाहिलं, खरंच लवत नाही. पुढ्यातल्या भाताला बुरशी आलीय.

दवाखान्यात जायला निघाले. उंबरठ्याशी वाटलं, मी बाहेर असताना भाव चढला तर? पाय उचललाच नाही. जोर लावला, तरी नाही.

२३ मार्च
नोकरी गेली. भूकही लागत नाही. मला फार भीती वाटतेय.

कुक बाई हळूच म्हणाल्या, “धाकटी बहीण आहे ना गं तुला? तिनेही काहीतरी साठवलं असेल.”

सो-दामबद्दल मी इथे कुणाला — कधीच नाही —

२८ मार्च
आईचा फोन. सो-दाम येतेय. नव्या घरात सामान घ्यायला म्हणून स्वतःची सगळी साठवण घेऊन. तिला पाठवू नकोस, म्हणणार होते. आवाजच फुटेना. आईला वाटलं, मी आनंदाने —

२९ मार्च
खाली तिचा आवाज. हसतेय. कुक बाईंना आजी म्हणतेय.

जाऊन सांगते. पैसे घेऊन परत जा, आत्ताच्या आत्ता. आईशपथ सांगते —

आधी फक्त एवढं बघू दे. तिने सगळे घातले, तर माझे किती सुट