नाव सगळ्यात शेवटी

ठाणे, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप साईनाथमामास,
रसिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर माझा घसा बसतो, आणि मोबाइलवरचा मजकूर तुला दिसत नाही. म्हणून हे पत्र. मी अर्ध्या तासात ठाकुर्लीला पोचेन आणि पत्राला चार दिवस लागतील. पण तूच म्हणतोस, पत्र मधेच बोलत नाही.

काम असं आहे. आमच्या विमा कंपनीत पॉलिसी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे अंडररायटर ठरवतात. एका अर्जासाठी त्यांना पाच ठिकाणी शोधाशोध करावी लागते. अर्ज एकीकडे, डॉक्टरी तपासण्या दुसरीकडे, एजंटचा अहवाल तिसरीकडेच. हे सगळं एका स्क्रीनवर आणायचं काम माझ्याकडे आलंय. तू एकतीस वर्षं हेच केलंस. सांग, आधी काय दिसायला हवं?

आणखी एक. पत्ता मी मुद्दाम खाली टाकलाय. बाबांची पॉलिसी नाकारली ती आम्ही तेव्हा दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीत राहायचो म्हणून, असं आई अजून म्हणते. खरंच पत्ता बघून नाकारायचात का रे तुम्ही?

डिंकाचे लाडू आई परस्पर पाठवणार आहे. माझ्या वाट्याचे दोन ठेव आणि माया आहे तशी असू दे.

तुझी,
रसिका


ठाकुर्ली, ११ जानेवारी २०२५

चि. रसिकास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर पूर्वीइतकंच वाईट आहे, पण कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्यांना तेवढं माफ. लाडूही मिळाले. तुझे दोन ठेवले होते. काल एक कमी झाला, कसा ते विचारू नकोस.

माझी पद्धत सांगतो. फाइल मी नेहमी मागून वाचायचो. पुढे अर्ज असतो, म्हणजे माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते. मागे तपासण्या असतात. म्हणून आधी ईसीजी, मग रक्त-लघवी, मग एजंटचा अहवाल, मग अर्ज. मत पेन्सिलीने लिहायचं आणि नाव सगळ्यात शेवटी बघायचं. नाव दिसलं की आडनाव दिसतं, गाव दिसतं, आणि मत डळमळतं. ऑफिसातले मला उलटा वाचक म्हणून चिडवायचे. पण माझ्या मतात कधी खोट निघाली नाही.

तेव्हा तुझ्या स्क्रीनवर नाव शेवटी टाक. नात्यातली फाइल निघाली तर ती दुसऱ्याकडे द्यायची, हा नियमही आठवणीने घाल.

तुझ्या आईला सांग, गोदे, गुडघ्याला तेल लावत जा. लोभ धरून आहेस, तसाच धरून राहा.

साईनाथमामा


ठाणे, २० जानेवारी २०२५

तीर्थरूप मामास,
शि. सा. न. वि. वि.

नाव शेवटी टाकलं! ओवेन म्हणून आमच्याकडे वसईचे एक जुने अंडररायटर आहेत, त्यांना वापरून बघायला दिलं. जागेवरून न उठता पूर्ण फाइल वाचून झाली, असं वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं, तर त्यांनी तुला नमस्कार कळवलाय.

आता खरा वाद नकाराच्या पत्रावर अडलाय. जुन्या पत्रात एकच ओळ असते, की आपला प्रस्ताव सध्या स्वीकारता येत नाही. मला तिथे कारणासाठी जागा हवी आहे. तपासणीत काय निघालं ते त्या माणसाला कळायला नको? वरचे साहेब म्हणतात, कारण दिलं की लोक भांडायला येतात. मी एकटी पडलेय. पुढच्या महिन्याच्या सव्वीस तारखेला निर्णय आहे. तू काय करायचास, कारण कळवायचास का? चार ओळी लिही, मी मीटिंगमध्ये वाचून दाखवीन.

पत्त्याचं मात्र तू काहीच लिहिलं नाहीस.

उत्तराला उशीर लावू नकोस. जीव लावतोस, तसाच लावत जा.

तुझी,
रसिका


ठाकुर्ली, १४ फेब्रुवारी २०२५

चि. रसिकास आशीर्वाद.

उशीर झाला. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

पत्ता बघून आम्ही कुणाला नाकारत नव्हतो. तुझ्या वडिलांना तर नाहीच.

सन २००१च्या नोव्हेंबरात एक फाइल माझ्या टेबलावर आली. सवयीप्रमाणे मागून उघडली. ईसीजी वाईट होता. रक्ताचे आकडेही तसेच. वय एकोणचाळीस. मी पेन्सिलीने लिहिलं, प्रस्ताव नाकारावा. मग पान उलटलं आणि नाव वाचलं. उत्तम. माझ्या बहिणीचा नवरा.

नियमाप्रमाणे फाइल शेजारच्या टेबलावर दिली. पेन्सिलीचं मत खोडलं नाही, कारण ते बरोबर होतं. तिथल्या सहकाऱ्यांनी ते शाईने गिरवलं. पत्र गेलं, तू लिहितेस त्याच एका ओळीचं.

उत्तमरावांनी त्यातला ‘सध्या’ धरून ठेवला. दिव्याचा पत्ता नडला, चांगल्या जागी गेलो की पुन्हा अर्ज करू, असं ते मला सांगायचे. मी मान हलवायचो. फाइलमधलं बाहेर सांगू नये असा नियम होता, हे खरं. पण त्यामागे लपलो, हे जास्त खरं. सांगितलं असतं तर नकार मेव्हण्यानेच लिहिला हे त्यांना कळलं असतं, त्याची मला भीती वाटली. एकदा तरी डॉक्टरला दाखवा, एवढं एकदाच म्हणालो. ते हसले आणि मी सुटलो.

त्या जागेसाठी त्यांनी कारखान्यात चार महिने डबल पाळी केली. डोंबिवलीला तुमचं सामान चढवलं तो दिवस तुला आठवत असेल. लोखंडी कपाट तीन मजले त्यांनी उचलून नेलं. दुसरं टोक माझ्या हातात होतं. तेव्हाही मी बोललो नाही. एकोणीस दिवसांनी ते गेले.

मीटिंगमध्ये हेच वाचून दाखव. गोदाला सांगायचं की नाही, ते तू ठरव. लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

साईनाथ


ठाणे, २७ फेब्रुवारी २०२५

ती. मामा यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मीटिंगमध्ये वाचलं. नावं वगळली. बाबांच्या नावापाशी मला पुढे वाचवेना, तेव्हा उरलेलं ओवेननी वाचलं. कुणी भांडलं नाही, कारण कळवायचं ठरलं.

आता स्क्रीनवर नकार निवडला की अर्जदाराचं नाव मोठ्या अक्षरांत समोर येतं. त्याच्याखाली एक चौकट येते. तपासणीत काय आढळलं, ते साध्या भाषेत त्या माणसासाठी लिहायचं. ती रिकामी ठेवली तर पत्र निघतच नाही.

मला तुमचा राग आला आहे. मी दहा वर्षांची होते. आईने वीस वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या आणि सगळा दोष दिव्याच्या त्या खोलीला दिला. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने ते मागून घेतलं आणि कपाटात ठेवलं. त्याच कपाटात.

ती काय ते स्वतः लिहील. मला इतक्यात लिहू नका.

रसिका


डोंबिवली, ३ मार्च २०२५

ती. दादास,
गोदाचा नमस्कार.

पोरीने वाचून दाखवलं. तू आमच्याकडे जेवायला बसायचास, ह्यांच्या पानाशेजारी, आणि तुला ठाऊक होतं. हे मला काही केल्या गिळवत नाही. चार शब्द बोलला असतास तर ते तुझ्यावर चिडले असते, महिनाभर बोलले नसते. पण असते.

रसिकाचा राग जाईल, तिला तुझा लळा आहे. माझं मला सांगता येत नाही.

एक काम आहे. चार पायऱ्या चढले की मला धाप लागते. पोरीला अजून बोलले नाही. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला डोंबिवली स्टेशनजवळच्या दवाखान्यात माझा ईसीजी काढणार आहेत. कागद इंग्रजीत असतो, तो मला कळायचा नाही. डॉक्टर गडबडीत असतात, सगळं ठीक म्हणतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. तुला तो वाचता येतो. तू ये. या वेळी नाव आधी वाच. मग जे असेल ते माझ्या तोंडावर सांग, काही मागे ठेवू नकोस.

लोभाचं मग बघू. तू दहाला ये.

गोदा