आपल्यासाठी नसलेलं पाकीट

प्रिय मीनल,

कार्डिफचं हॉस्पिटल मानवलं का? तुझ्या खोलीत आता नागपूरची ईरा आली आहे. तुझ्यासारखंच चहात आलं ठेचते आणि खलबत्ता तसाच ठेवते. वॉशिंग मशीन सकाळीच थांबलं, कपडे अजून आत आहेत. उठावंसं वाटत नाही.

मारिसोल हरली. अकरा मतांनी. माझ्या वर्गातली ती कोलंबियन मुलगी, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पोटनिवडणुकीला उभी होती. तिच्या लोकांपैकी आपल्या कौन्सिलवर आजवर कुणी गेलेलं नाही. मी तीन महिने तिच्यासाठी दारं वाजवली. तिची आई लूस बावीस वर्षं इथली ऑफिसं पुसते, पण नागरिकत्व नाही, म्हणून पोटच्या मुलीला मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी ती शाळेच्या फाटकाबाहेर थर्मास घेऊन उभी होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होती. मला 'मिहा' म्हणते, म्हणजे पोरी. मी तिच्याशेजारी दिवसभर उभी राहिले. आम्ही दोघी सारख्याच, बाहेरच्या, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या हॉलमध्ये समोरच्या पक्षाचे एक काका भेटले, दीनानाथकाका, एजवेअरचे. मराठी ऐकून खूश झाले. काय गं, स्वतःचं मत तरी दिलंस ना, म्हणून चेष्टा केली. मी म्हटलं, मी कुठली देणार, व्हिसावर आहे. ते थांबले. अगं, भारताच्या पासपोर्टवर चालतं की, म्हणाले, आपण राष्ट्रकुलातले, फक्त नाव नोंदवायचं. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं, कोलंबियावर नाही, एवढाच फरक. मग त्यांनी मला चहा आणून दिला. तेवढ्यात निकालाचे आकडे जाहीर झाले.

अकरा. आपल्या घरात चार, शेजारच्या तेलुगू मुलांकडे पाच, कोपऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये अनुप आणि त्याची बायको. पुढे मोजलं नाही. ही सगळी दारं मी रोज ओलांडून जायचे, आपल्या लोकांना कशाला त्रास, म्हणत.

आता तुला का लिहिते आहे ते. गेल्या ऑक्टोबरात कौन्सिलचं एक पाकीट आलं होतं, आठवतं? ते हातात धरून तू विचारलंस, यात मतदार यादीसाठी घरातल्या सगळ्यांची नावं मागितली आहेत, भरायचं का. मी न वाचताच म्हटलं, ते इथल्या लोकांसाठी असतं, आपल्यासाठी नाही, टाक रिसायकलिंगमध्ये. तू म्हणालीस, बघ हं नक्की. इचलकरंजीला कुठलाही कागद आला की मी वाचेपर्यंत बाबा त्याला हात लावत नाहीत. घरात पदवीधर झालेली मी पहिली. मी नाही म्हटलं की विषय संपतो. तूही टाकून दिलंस. उद्या लूसने मला जेवायला बोलावलंय, आभार मानायला. मारिसोलही असेल. दोघींना सांगायचं आहे, पण काल दोनदा फोन हातात घेतला आणि वाक्य अर्ध्यातच राहिलं. म्हणून आधी तुला लिहून बघते आहे, पूर्ण होतं का. मला मत होतं आणि मी ते दिलं नाही. झालं पूर्ण.

तुझीच,
सुनीती